टाळूवरच्या सात वळ्या

सासऱ्यांनी अखेर कॅन्टीनचा डाव खाली ठेवला, एप्रन खिळ्याला अडकवला आणि चारशे माणसांच्या सुपाकडे पाठ करून ते घरी निघून गेले. आणि या सगळ्याला जावई जबाबदार होता. हे एकदा सांगून झालं, म्हणजे आता ते घडलंच नाही असं धरून चालायला कोणाची हरकत नसावी. तर, काहीही घडलेलं नव्हतं. दुपारचा दीड वाजला होता. दातांच्या लॅबमध्ये खिडकीतून आलेलं ऊन लांब टेबलावरच्या प्लास्टरच्या जबड्यांवर पडलं होतं आणि एकोणतीस अनोळखी माणसं कुणीही न केलेल्या विनोदावर तोंड उघडून हसत होती. जावई, जो अजून कशालाच जबाबदार नव्हता, चिमट्यात एक दाढ धरून ती मेणात कुठल्या कोनात बसवावी याचा विचार करत होता. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“बाबांचं सूप खारट झालं,” ती म्हणाली.

“किती?”

“किती काय? चारशे माणसं एकदम उठून नळाकडे गेली. पाणीपुरवठा कार्यालयातलं पाणी संपलं.”

“संपलं म्हणजे—”

“हसू नकोस.”

“मी कुठे हसतोय? हे समोरचे हसतायत.”

फोन ठेवला तरी दाढ चिमट्यात तशीच अधांतरी राहिली. अडतीस वर्षं सासरे त्या एकाच कॅन्टीनमध्ये मसुराचं सूप करत आले होते आणि अडतीस वर्षांत मिठाचा एक खडाही जास्त पडला नव्हता. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, वय झालं, हात थरथरला. पण जावई जाणकार होता. शहरात कुठे काय खावं आणि कुठे नुसतं वास घेऊन पुढे जावं, हे त्याला जितकं कळत होतं तितकं निदान त्या मजल्यावर तरी कोणालाच कळत नव्हतं. त्यामुळे खारट सूप म्हटल्यावर त्याच्या मनात आधी काळजी आली नाही, कुतूहल आलं, आणि काळजी मागून धापा टाकत आली.

जाणकार तो जन्मतः नव्हता. या शहरात आल्यावर पहिली दोन वर्षं तो बेसिनपाशी उभा राहून उकडलेली अंडी आणि पाव खात असे. जेवण म्हणजे भूक बंद करायचं बटण, एवढीच त्याची समजूत होती. मग एका सकाळी दुरुस्तीला आलेल्या एका वरच्या कवळीत, दुसऱ्या दाढेच्या मागे, त्याला अंजिराची एक बी सापडली. लॅबचा रिवाज असा की कवळी आली की आधी ब्रशने घासायची, मग बघायची. त्या दिवशी ब्रश कुठेतरी पडला होता म्हणून त्याने आधी बघितलं. बी सोनेरी होती, भाजल्याचा एक काळा ठिपका तिच्यावर होता, आणि ती तिथे इतक्या समाधानाने बसली होती की तिला काढणं त्याच्या जिवावर आलं. पाकिटावर नंबर होता. त्याने फोन लावला आणि म्हणाला, “बाई, तुमच्या दातात अडकलेलं अंजीर कुठलं?” मोठ्या शहरातल्या माणसांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही. बाई म्हणाल्या, “पुलाखालच्या बेकरीतला पाव. मंगळवारीच जा. बुधवारी त्यात अंजीर नसतं, नुसती आशा असते.” तो मंगळवारी गेला. दारातच उभं राहून त्याने पाव तोडला. वरचा पापुद्रा दातांखाली कडकन मोडला, आत ओलसर, जरासं आंबूस काहीतरी जिभेवर उलगडत गेलं, आणि मग बिया एकेक करून फुटायला लागल्या, जणू तोंडात कोणीतरी बारीक बारीक दारं उघडत चाललं होतं. वय वर्षं सव्वीस, आणि आपल्याला तोंड आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर त्याने ब्रश दुसऱ्या नंबरावर ढकलला. आधी बघायचं, मग घासायचं. कवळ्या बोलत होत्या. इतकी वर्षं फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं. एका बाजूच्या दाढा झिजलेल्या असल्या तर माणूस घाईत, उभ्याने, एका हातात पिशवी धरून खाणारा. पुढच्या दातांच्या कडेला बारीक टवके असले तर मासे काट्यासकट चावणारा, आणि असे मासे शहरात दोनच ठिकाणी मिळतात. चहाचा डाग वेगळा, कॉफीचा वेगळा, आणि बिटाचा डाग तर इतका निर्लज्ज की पॉलिशच्या चाकालाही दाद देत नाही. असं करत करत दहा वर्षांत त्याच्या वहीत सगळं शहर उतरलं, तेही इतरांच्या तोंडातून. कोणाकडे कांदा मंद आचेवर तासभर परततात आणि कोण साखर टाकून रंग आणतो, कुठल्या गल्लीतल्या म्हातारीचं लोणी खरं आणि कुठल्या हॉटेलातलं लोणी फक्त पिवळं. सुपं तर त्याने दोनशे अकरा ठिकाणची नोंदवली होती. लोक त्याला फोन करून विचारू लागले. “सासूबाईंना जेवायला कुठे नेऊ?” “सासूबाई तुम्हाला आवडतात का?” तो विचारायचा, आणि उत्तराप्रमाणे पत्ता द्यायचा. त्याचं चुकत नसे. आणि चुकलंच, तर ते स्वयंपाक्याचं चुकलेलं असे.

शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली मात्र त्याला काडीची किंमत देत नसे. तिने बावीस वर्षं कवळ्या चमकावल्या होत्या आणि बावीस वर्षं दुपारी एकच चीजचं सँडविच खाल्लं होतं. “तुला माहितीये का, ते चीज नाहीच,” त्याने तिला एकदा सांगितलं होतं. “माहितीये,” ती म्हणाली होती, “आणि त्यालाही माहितीये की मी बाई नाही, सवय आहे. आमचं छान चाललंय. तू मध्ये पडू नकोस.”

आणि सासरे. लग्न ठरवायला तो पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांनी त्याला घरी बोलावलं नव्हतं, कॅन्टीनमध्ये बोलावलं होतं, ऐन दुपारच्या गर्दीत. पाणीपुरवठ्याचे कारकून, मीटर वाचणारे, पाइप जोडणारे, सगळे रांगेने वाट्या पुढे करत होते, आणि सासरे वाफेच्या मागे उभे राहून एका हाताने सूप वाढत होते आणि दुसऱ्या हाताने त्याची चौकशी करत होते. त्याच्याही पुढ्यात वाटी आली. त्याने नाक वाटीजवळ नेलं, डोळे मिटले, पहिला घोट तोंडात फिरवला आणि मसूर कुठल्या पाण्यात भिजवलाय ते सांगायला तोंड उघडलं, तोच सासरे म्हणाले, “जावईबापू, तुम्ही जेवता की पंचनामा करता?” सबंध रांग हसली. होणारी बायको सगळ्यात जास्त हसली. त्याने सूप निमूट संपवलं आणि वहीत लिहिलं नाही. चारशे माणसांच्या पातेल्यातलं सूप काय लिहायचं? ते सूप त्याने नंतरही कितीतरी वेळा प्यायलं, लग्नाच्या बोलण्यात, भांडणानंतरच्या समेटात, पोरीच्या बारशाच्या आमंत्रणाला गेला तेव्हा, आणि दर वेळी त्याच्या मनात दुसरंच काहीतरी चाललेलं असायचं. मात्र सासरे चव कशी बघतात ते त्याने बारकाईने पाहून ठेवलं होतं, कारण तो त्याच्या धंद्याचा भाग होता. चमचाभर सूप तोंडात घ्यायचे, जीभ वर उचलून ते टाळूवर दाबायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तीन सेकंद पुतळ्यासारखे उभे राहायचे, आणि मग मीठ. हाताने. न बघता.

टाळूवर दाबायचे. दाढ त्याच्या चिमट्यातून मेणात पडली. दोनच महिन्यांपूर्वी सासऱ्यांचे वरचे उरलेसुरले दात डॉक्टरांनी काढले होते आणि त्याने मोठ्या हौसेने, जावयाकडून भेट म्हणून, त्यांना वरची कवळी करून दिली होती. टाळूवरून एका हिरडीपासून दुसऱ्या हिरडीपर्यंत गुलाबी छत. पॉलिशवालीने ते असं घासलं होतं की माशी बसली असती तर पाय घसरून पडली असती. तो स्वतः म्हणाला होता, “आरसा झालाय आरसा!” त्या आरशाखाली सासऱ्यांची टाळू दोन महिने अंधारात बसून होती, आणि जीभ मसुराचं सूप एका गुळगुळीत भिंतीवर दाबत होती.

दुसऱ्या दिवशी तो कॅन्टीनमध्ये गेला तर सासरे पिठाच्या पिंपामागे पाठ करून उभे. वळले तेव्हा त्यांच्या डाव्या हातात कवळी होती, उजव्यात चमचा, आणि चेहऱ्यावर चोरी पकडलेल्या माणसाचा तोरा.

“बघता काय? दात काढल्यावर कळतं,” ते पोकळ तोंडाने म्हणाले. “दात बसवले की आठ वाजताची चव आणि बारा वाजताची चव एकच. नुसतं ओलं लागतं. काल गर्दीत काढायचे राहिले, आणि झालं खारट.”

“बाबा, मला सांगायचं ना.”

“भेट दिलेल्या वस्तूत खोट काढू? तुम्ही काढता, आम्ही नाही काढत.”

खोट व्यवस्थापकाने काढली. पिंपामागचा प्रकार त्याने तिसऱ्या दिवशी पाहिला आणि चौथ्या दिवशी भिंतीवर पत्रक लागलं: स्वयंपाकघरात कोणीही स्वतःचे दात हातात घेऊ नयेत. त्याखाली सासऱ्यांसाठी वेगळा परिच्छेद होता. बारा दिवसांनी तीन जणांची समिती त्यांचं सूप चाखेल, दात तोंडात ठेवून केलेलं. पसंतीस उतरलं तर पातेलं त्यांचं. नाहीतर कॅन्टीनमध्ये यंत्र बसेल, ज्याचं बटण दाबलं की सूप येतं आणि दुसरं दाबलं की तेच सूप कॉफी म्हणून येतं. समितीत एक जण पाइप विभागाचा होता, एक मीटर विभागाचा, आणि एक कुठल्याच विभागाचा नव्हता, म्हणून अध्यक्ष.

बायको ते सगळं ऐकून भांडी घासता घासता थांबली. “बाबांना दुसरं काही येत नाही रे,” ती म्हणाली. “टीव्ही लावता येत नाही, फिरायला जाता येत नाही, साधं आजारी पडता येत नाही त्यांना. घरी बसले तर खुर्ची त्यांना ओळखणार नाही.” मग फडकं पिळत म्हणाली, “तू केलंयस, तू नीट कर.” तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. नळ गळत असला की म्हणते तसंच म्हटलं होतं.

पण तो घाबरला नाही. घाबरण्याइतकं त्याला कमी येत नव्हतं. प्लास्टिकचं छत जाड, उष्णता अडवतं. मग टाळूपुरता धातूचा पातळ पत्रा घालायचा, नखाइतका, म्हणजे गरम ते गरम लागेल आणि गार ते गार. आणि गुळगुळीतपणा काढायचा. माणसाच्या टाळूवर पुढच्या बाजूला आडव्या वळ्या असतात, ओल्या वाळूवर लाटेने सोडून जाव्यात तशा. जीभ घास त्यांच्यावर घासते. त्या वळ्या हुबेहूब पत्र्यावर उठवता येतात. त्याने सासऱ्यांचं नवं माप घेतलं, प्लास्टर ओतलं, दुसऱ्या दिवशी साचा उघडून खिडकीत धरला. वळ्या चारच होत्या. त्याही विरलेल्या, वाकड्या, एक तर मधेच विसरून गेल्यासारखी थांबलेली. अडतीस वर्षं जिभेने सूप दाबून दाबून सपाट झालेली टाळू. यावर काय चव कळणार? कसं कळत असेल इतकी वर्षं? आणि मग, साचा हातात असतानाच, त्याची जीभ आपसूक वर गेली आणि स्वतःच्या टाळूवरून फिरली. एक, दोन, तीन. ठसठशीत, समांतर, वाजवी अंतरावर. सात. याच सातांवर पुलाखालचा पाव फुटला होता, याच सातांवर दोनशे अकरा सुपं तपासली गेली होती. त्याला आठवेना की याआधी आपण कधी आपल्याच टाळूचा इतका अभिमान बाळगला होता. ज्यांचं भलं करायचंय त्यांना जे घरात सगळ्यात चांगलं आहे ते द्यावं, यात चूक काय? त्याने आरशासमोर बसून स्वतःच्या तोंडात मापाचा गोळा कोंबला.

पॉलिशवालीने दोन साचे शेजारीशेजारी ठेवलेले पाहिले आणि चाक बंद केलं. “हे तुझं आहे.”

“हो.”

“आणि बसवणार त्यांना.”

“माप त्यांचंच. फक्त वळ्या माझ्या. घर त्यांचं, वरचे पडदे माझे म्हण.”

“जीभ पण देऊन टाक ना एकदाची.” तिने चाक सुरू केलं. “घासू का?”

“नको. खरखरीत राहू दे.”

“बावीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणी घासू नको म्हणालं,” ती म्हणाली आणि तिने सँडविच लवकर काढलं.

कवळी बसवली रविवारी सकाळी, त्याच्याच स्वयंपाकघरात. सासऱ्यांनी तोंड मिटलं आणि जीभ वर नेली. आत जीभ फिरताना गालावरून दिसत होती, अनोळखी खोलीत दिव्याचं बटण शोधणाऱ्या हातासारखी. “वर कोणीतरी राहायला आलंय,” शेवटी ते म्हणाले. बायकोने चहा पुढे केला. त्यांनी घोट घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. “गरम आहे,” ते म्हणाले. “अगं, गरम आहे हा!” बायको तोंड वळवून ओट्याकडे बघू लागली. तो खिशात हात घालून उभा होता, एखाद्या पुलाचं उद्घाटन आटोपल्यासारखा. तेवढ्यात सासरे दुसरा घोट तोंडात फिरवून म्हणाले, “पण पाणी दोनदा उकळलंय. आणि पत्ती तळाच्या डब्यातली.”

“बाबा,” बायको सावकाश वळली, “तुम्ही याच्यासारखं काय बोलायला लागलात?”

समितीच्या दिवशी तो रजा टाकून गेला. सासऱ्यांनी मसूर दोनदा निवडला, कांदा तासभर मंद आचेवर परतला, आणि जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं: सूप गाळलं. चव बघताना त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. डोळे मिटले. दाराशी उभा असलेला जावई एक पाऊल मागे सरकला, कारण आपण चव घेताना कसे दिसतो हे त्याने याआधी कधी बाहेरून पाहिलं नव्हतं. समितीने वाट्या तोंडाला लावल्या. पाइपवाला मीटरवाल्याकडे बघू लागला, मीटरवाला वाटीकडे. अध्यक्ष म्हणाले, “हे आपल्या कॅन्टीनचं आहे?” आणि पुन्हा मागून घेतलं. शंभरपैकी शंभर. जागच्या जागी ठराव झाला की आजचं सूप हेच कार्यालयाचं प्रमाणित सूप. यापुढे रोज हेच, असंच, तसूभर फरक चालणार नाही, फरक आढळल्यास यंत्र.

मग त्याने स्वतःसाठी वाटी घेतली. नाक जवळ नेलं, डोळे मिटले, घोट तोंडात फिरवला आणि वाट पाहिली. काहीच आलं नाही. मीठ कमी नव्हतं, जास्त नव्हतं. कांदा गोड व्हायला हवा तितकाच गोड होता. दाटपणा, उष्णता, आंबटाची मागून येणारी टोचणी, सगळं जिथल्या तिथे. बोट ठेवायला जागा नव्हती. त्याने दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. हे सूप इतकं बरोबर होतं की ते लागतच नव्हतं. आपल्या तोंडाला आपलीच लाळ कशी लागावी? दोनशे अकरा सुपांबद्दल तो बोलला होता, आणि या दोनशे बाराव्याबद्दल त्याच्याजवळ एक शब्द नव्हता. बाहेर रांगेत वाट्या भरल्या गेल्या. माणसं बसली, प्यायली, “वा” म्हणाली, पाहुण्यांच्या घरी म्हणतात तसं. एका मीटरवाल्याने, जो तीस वर्षं रोज दुसरी वाटी घ्यायचा, पहिली अर्धी ठेवली, रुमालाने तोंड टिपलं आणि खिडकीकडे बघून म्हणाला, “छान होतं हं. उद्यापासून नेहमीचं करतील ना?” तेव्हा जावयाने ते नेहमीचं आठवायचा प्रयत्न केला. लग्नाच्या बोलण्यातली वाटी आठवली, तिचा टवका उडालेला काठ आठवला, वाफेमागचा सासऱ्यांचा चेहरा, हसणारी रांग, बायकोचे तेव्हाचे लांब केस, सगळं आठवलं. चव आठवेना. आठ वर्षांत निदान शंभर वाट्या. तो जीभ टाळूवर दाबून उभा राहिला, आणि तिथे सात वळ्या होत्या, दुसरं कोणी नव्हतं.

सासरे वाफेमागून बाहेर आले आणि त्याच्या शेजारी बाकावर टेकले.

“चांगलं झालं होतं,” ते म्हणाले. “इतकं चांगलं मला कधी जमलं नसतं.”

“बाबा, त्या वळ्या माझ्या आहेत.”

“ते कळलं चहाच्या वेळीच. एवढा चोखंदळ माणूस आमच्या घराण्यात झाला नाही.”

“मी दुसरी करतो. तुमच्या चार वळ्यांची. साचा आहे माझ्याकडे, आठवड्यात देतो.”

“आणि मग?” सासऱ्यांनी गुडघे चोळले. “माझ्या तोंडाने केलं तर फरक येणार. फरक आला तर यंत्र. तुमच्या तोंडाने केलं तर रोज पास. मी काय, माझ्याच जागी आणून ठेवलेला दुसरा स्वयंपाकी होऊन उभा राहू तिथे?” ते रागावले नव्हते, उलट त्यांनी त्याच्या मांडीवर एक थाप मारली. “तुमचं काम चोख आहे हो, जावईबापू. फार चोख आहे.” आणि ते उठून आत गेले, खिळ्यापाशी.

आता ते घरी असतात. खुर्चीने त्यांना अजून ओळखलेलं नाही. चार वळ्यांची कवळी त्याने करून दिली, ती ते वापरतात, बायकोने केलेला भात जेवतात आणि “बरा आहे” म्हणतात. पण घरात पोर धरून माणसं चार, आणि चौघांपुरतं मीठ घालायला त्यांचा हात शिकलेलाच नाही. तो ज्या दिवशी हे बघून उठला, त्या दिवशी त्याने लॅबच्या कोऱ्या कागदावर, शुद्ध, सुवाच्य अक्षरात, पुढील अर्ज लिहिला आणि स्वतः नेऊन आवक खिडकीत दिला.

प्रति,
मा. अध्यक्ष,
उपाहारगृह चव निर्धारण समिती, पाणीपुरवठा कार्यालय.

विषय: उत्तीर्ण झालेल्या मुख्य आचाऱ्यास नापास करण्याबाबत.

महोदय,
उपरोक्त आचारी यांनी परीक्षेच्या दिवशी सादर केलेले सूप त्यांचे नसून खाली सही करणाऱ्याचे होते. आचारी यांना याबाबत दोष देता येणार नाही. ते सूप त्यांनी केवळ शिजवले. त्यांच्या स्वतःच्या सुपाची चव कशी होती, याची नोंद अर्जदाराकडे नाही. शहरातील इतर दोनशे अकरा सुपांची आहे, ती हवी असल्यास सादर करता येईल. तरी समितीने शंभर गुण परत घ्यावेत, आचारी यांना तातडीने नापास करावे, सध्याचे प्रमाणित सूप रद्द करावे आणि त्यांना फेरपरीक्षेस बसवावे. फेरपरीक्षेच्या दिवशी समितीच्या सन्माननीय सदस्यांनी काहीही चाखू नये. पातेल्याकडे पाठ करून बसावे, आणि रांगेतला शेवटचा माणूस वाटी ठेवून गेल्यावर, किती वाट्या रिकाम्या आहेत एवढेच बघून निकाल द्यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
(जावई)

सोबत: अर्जदाराच्या टाळूचा प्लास्टरचा साचा, नग एक, समितीसमक्ष फोडण्यासाठी.